इंजिनाचं कुंकू

मुलुंडच्या भाऊ सबनीस वकिलांची मोटार विकत घेतली भाऊंनी, चालवायचेही भाऊच. पण बॉनेट उघडलं की त्याखालचं राज्य दत्तारामचं, हे बंगल्यात आणि बंगल्यामागच्या चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं. दत्ताराम त्या चाळीतल्या पहिल्या खोलीत बायकोबरोबर, मालनबरोबर, राहायचा. भांडुपच्या एका कारखान्यात तो फिटर होता. तिथे त्याच्यासारखे तीस जण होते आणि साहेब त्याला नंबराने हाक मारायचा. इथे मात्र कुणीही पाहुणा आला की भाऊ ओरडायचे, "अरे, आमच्या दत्तारामला बोलवा, तो सांगेल गाडीचं."

त्यातही दसरा म्हणजे त्याचा हक्काचा दिवस. दरवर्षी अष्टमीला तो इंजिन रॉकेलने पुसून स्वच्छ करायचा. सबनिसांच्या घरची रीत अशी, की एकदा गाडी साफ झाली की पूजेपर्यंत तिला हात लावायचा नाही, हँडल मारायचं नाही. हत्यारं पूजेला बसली, तशी गाडीही बसली. दसऱ्याच्या सकाळी भाऊ तबक घेऊन यायचे आणि सगळ्या चाळीदेखत म्हणायचे, "दत्ताराम, पहिलं बोट तुझं." मग दत्ताराम इंजिनाच्या माथ्यावर कुंकवाचं बोट टेकवायचा, भाऊ नारळ फोडायचे, आणि हँडल मारल्याबरोबर गाडी सुरू व्हायची. आठ वर्षं असं चाललं होतं. त्या एका बोटाच्या भरवशावर दत्ताराम वर्षभर साहेबाच्या शिव्या पचवायचा.

चोपन्न सालच्या अष्टमीला त्याची दुसरी पाळी होती, सकाळ मोकळी. आंघोळ उरकून, मालनचं जुनं लुगडं फाडून केलेल्या चिंध्या आणि रॉकेलचा डबा घेऊन तो अंगणातल्या पत्र्याच्या शेडकडे निघाला. बघतो तर बॉनेट आधीच उघडं, आणि आत डोकं खुपसून, पार्श्वभाग जगाकडे करून जावईबापू उभे.

भाऊंच्या मृणालिनीचं लग्न वैशाखात झालं होतं. नवरा विद्याधर, फोर्टमधल्या एका कचेरीत ड्राफ्ट्समन. नकाशे काढायचे, रेघा मारायच्या. सासरी पहिल्या दसऱ्याला आलेला हा माणूस लोडाला टेकून पानं खाईल, अशी दत्तारामची अपेक्षा होती. त्याऐवजी त्याने जमिनीवर वर्तमानपत्र अंथरून नटबोल्ट मापाप्रमाणे ओळीने मांडले होते. शेजारी एक ढीग होता. त्या ढिगात सायकलच्या ट्यूबची पट्टी, सुतळीचे तुकडे, वाकवलेली तार आणि जुन्या कोटाची घडी होती. दत्तारामने ते ओळखलं. ते सगळं त्यानेच बसवलेलं. पट्टी होती म्हणून नळी ठिबकत नव्हती, कोटाची घडी होती म्हणून बॅटरी खडखडत नव्हती.

"या दत्ताराम," विद्याधर घाम पुसत हसला. "बघा, केवढा कचरा निघाला आतून! नळीला नवी क्लिप आणलीय, बॅटरीखाली लाकडी पट्टी बसवली. तुम्ही दर वर्षी करता ना, यंदा आराम करा. मी आहे."

माणूस उद्धटपणे बोलला असता तर भांडता तरी आलं असतं. हा 'अहो-जाहो' करून बोलत होता, त्याने दत्तारामच्या अंगाचा आणखीच तिळपापड झाला. त्यात वरच्या गॅलरीतून भाऊंचा आवाज आला, "दत्ताराम, बघितलंस का? इंजिन आहे की आरसा! पठ्ठ्याने एका सकाळीत करून टाकलं." गेली आठ वर्षं अष्टमीला भाऊ गॅलरीत कधी फिरकलेसुद्धा नव्हते. दत्ताराम रॉकेलचा डबा तसाच हातात घेऊन परत फिरला.

खोलीत येऊन तो खिडकीशी बसला. शेड समोरच, चार पावलांवर. बघायचं नाही असं ठरवून तो बघत राहिला, आणि जे दिसलं ते सगळं त्याला चुकीचं वाटत राहिलं. चिंधी धरायची पद्धत चुकीची, पान्हा फिरवायची चुकीची. खरं म्हणजे विद्याधर सावकाश आणि नीट काम करत होता. तेच दत्तारामला बघवत नव्हतं.

मग विद्याधर प्लगच्या तारांपाशी आला. गोल टोपीतून चार तारा निघून चार प्लगांना जातात. त्यातल्या शेवटच्या दोन एकमेकींवरून आडव्या गेलेल्या असतात, कारण त्या इंजिनात दुसऱ्या प्लगनंतर ठिणगी पडायला तिसऱ्याचा नव्हे, चौथ्याचा नंबर लागतो. विद्याधरने चारही तारा पुसल्या, मागे सरून पाहिलं आणि कपाळाला आठी घातली. नकाशात एक रेघ दुसरीवरून गेलेली पाहिली की या माणसाला अन्न गोड लागत नसणार. त्याने त्या दोन तारा टोपीतून उपसल्या, जागा बदलल्या, आणि चारही तारा शेजारी शेजारी, गुण्यागोविंदाने, सरळ करून टाकल्या. स्वतःशीच मान हलवली आणि बॉनेट लावलं.

दत्ताराम उठला होता. "जावईबापू, ती तार..." इतके शब्द ओठांवर आलेही होते. मग तो पुन्हा खाली बसला. त्याच्या मनात गुदगुल्या व्हायला लागल्या. आता पूजेपर्यंत गाडीला कुणी हात लावणार नाही. दसऱ्याला सगळ्यांसमोर हँडल मारतील, गाडी फाटकन आवाज करील, धूर ओकेल आणि बसून राहील. आरशासारखं इंजिन! मग भाऊ म्हणतील, "दत्तारामला बोलवा रे." आणि आपण लगेच जायचं नाही. आधी चहा संपवायचा.

"अवो, एकटेच कित्याक हसतास?" मालनने विचारलं. त्याने तिला सांगितलं. इतकी मजेची गोष्ट पोटात ठेवणं जमलंच नाही.

मालन हसली नाही. "जावा नि सांगा तेका आत्ताच."

"माका कोणी विचारल्यान?"

"चांगलो झिल हा तो. दसऱ्याक चार माणसांत तेची फजिती झाली, तर तुमका काय मिळतला?" ती चुलीकडे वळली. "तुमच्या पोटात दुखता, ता माका दिसता."

दत्ताराम कामावर गेला. पाळीभर त्याचा हात यंत्रावर आणि लक्ष दसऱ्याकडे होतं. फोरमनने दोनदा हटकलं तरी त्याला वाईट वाटलं नाही.

नवमीच्या संध्याकाळी मृणालिनी नैवेद्याचं ताट घेऊन आली. लहानपणी हीच पोर गाडीपाशी उकिडवी बसून त्याला पान्हे द्यायची. ताट मालनच्या हाती देऊन ती उंबऱ्यात रेंगाळली.

"दत्तामामा, तुम्ही रागावलात का हो? हे मला सारखं विचारतायत."

"छे गं. मी कशाला रागावू?"

"खरं सांगू? यांनी आजवर कुठलं इंजिन उघडलेलं नाही. महिनाभर एक पुस्तक आणून वाचत होते." तिने आवाज खाली घेतला. "बाबांना हे स्थळ पसंत नव्हतं ना. कारकुंड्याला पोरगी दिली, असं एकदा बोलून गेले, आणि यांनी ते ऐकलं. तेव्हापासून यांच्या मनाने घेतलंय, बाबांना काहीतरी करून दाखवायचं. काल बाबा 'पठ्ठ्या' म्हणाले, तर रात्री मला चार वेळा सांगितलं."

ती गेली. दत्ताराम ताटातल्या पुरणपोळीकडे बघत राहिला. आपल्याला जे हवं तेच त्या पोराला हवं आहे, हे त्याला कळलं, आणि कळल्याबद्दल तो मृणालिनीवरच चिडला. इतका वेळ विद्याधरचा हेवा करणं किती सोपं होतं!

दसऱ्याच्या सकाळी बंगल्यात आरती सुरू झाली. सगळे आत गेले असणार. दत्ताराम टाळ्यांचा आवाज ऐकत खिडकीशी उभा राहिला आणि मग एकाएकी चप्पल न घालताच बाहेर पडला. दोन तारा काढायच्या, दोन बसवायच्या, बॉनेट लावायचं. आरती संपायच्या आत काम होईल आणि कुणाला पत्ताही लागणार नाही. पोराचं नाव राहील. पूजेआधी गाडीला हात लावल्याचं पाप देवी पाहून घेईल.

त्याने बॉनेट उचललं. तिसरी तार उपसली, चौथी उपसली. दोन्ही त्याच्या हातात असतानाच मागून आवाज आला.

"दत्ताराम? काय करताय?"

विद्याधर झेंडूचा हार घेऊन उभा होता. आरती संपायच्या आधीच गाडीला हार घालावा म्हणून बाहेर आला असणार. त्याची नजर दत्तारामच्या तोंडावरून हातातल्या तारांवर गेली, आणि तिथेच थांबली.

मग काय विचारता! भाऊ आले, मृणालिनी आली, चाळीची दारं उघडली. दत्तारामच्या तोंडून कसंबसं निघालं, "तारा चुकीच्या लागल्या होत्या, भाऊ. बदलत होतो."

"मी स्वतः लावल्यात," विद्याधर म्हणाला. त्याच्या आवाजात राग कमी होता, भीतीच जास्त होती.

भाऊंनी तीस वर्षं कोर्टात माणसं उलटीपालटी केली होती. ते शांतपणे म्हणाले, "दत्ताराम, बॉनेट अष्टमीपासून बंद आहे. आतल्या तारा चुकीच्या आहेत हे तुला कुठून कळलं?"

दत्तारामने हातातल्या तारा इंजिनावर ठेवल्या.

"आत्ता उघडून बघितल्यावर कळलं?"

'हो' म्हटलं असतं तर सुटका होती का? तर नाही. मग उघडलं कशाला, हा पुढचा प्रश्न आलाच असता. दत्ताराम म्हणाला, "खिडकीतून बघितलं. हे लावत होते तेव्हा."

"अष्टमीला?"

"हो."

"आणि आज दसरा." भाऊ एवढंच बोलले.

चाळीतला अनंत, त्याच्याच कारखान्यातला, कुजबुजला, "बिघडवायला आला होता, सापडला." दत्तारामने ते ऐकलं. विद्याधरने पुढे होऊन तारा आपल्या पद्धतीने, सरळ, परत लावल्या. भाऊंनी पूजेची वाट न बघता स्वतः हँडल मारलं. गाडीने फाटकन आवाज केला, काळा धूर सोडला आणि थंड पडली. विद्याधरच्या तोंडावरचं रक्त उतरलं. याच तोंडासाठी दत्ताराम दोन दिवस हरखून गेला होता. आता ते समोर होतं, आणि त्याला तिकडे बघवेना.

कुणी सांगायची वाट न बघता तो पुढे झाला. दोन तारा उपसल्या, एकीवरून दुसरी आडवी घेतली, बसवल्या आणि हँडल मारलं. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

"आपणच बिघडवायचं नि आपणच दुरुस्त करायचं," अनंत आता मोठ्याने म्हणाला. दोघेतिघे हसले.

"तसं नाही रे," भाऊ म्हणाले. "तो खरं बोलतोय. त्याने काही बिघडवलेलं नाही." त्यांनी मृणालिनीच्या हातून तबक घेतलं आणि दत्तारामसमोर धरलं. "घे. पहिलं बोट लाव. ह्याचसाठी गप्प बसलास ना? अरे, नुसतं म्हणाला असतास तर मी कधी नाही म्हटलं असतं?"

चोर म्हटलं असतं तर बरं झालं असतं, असं दत्तारामला वाटलं. दारात मालन उभी होती. ती आत निघून गेली. त्याने तेलकट बोट कुंकवात बुडवलं आणि थरथरत्या इंजिनावर टेकवलं. कुंकू नीट उमटलं नाही, फरफटलं. भाऊ नारळाकडे वळले. त्यांनी त्याच्याकडे पुन्हा पाहिलं नाही.

माणसं पांगली. दत्तारामही निघणार, तेवढ्यात विद्याधर त्याच्या शेजारी येऊन वाकला. घरात जाऊन तोंड लपवावं, एवढंही त्या माणसाला सुचलं नसावं. एकमेकींवरून गेलेल्या त्या दोन तारांकडे तो टक लावून बघत होता.

"दत्ताराम," तो म्हणाला, "ह्या अशा आडव्या का न्यायच्या? पुस्तकात होतं, पण मला काही केल्या कळलं नाही, छापण्यातली चूक वाटली. जरा सांगता?"

आठ वर्षांत भाऊंनी त्याचं कौतुक पुष्कळ केलं होतं, पण हे असं का, ते तसं का, हे कधी विचारलं नव्हतं. कारखान्यात तर नाहीच नाही. सांगण्यासारखं दत्तारामपाशी खूप होतं. त्याने कुंकू लागलेलं बोट त्या तारांकडे नेलं आणि कुठून सुरुवात करावी ते शोधत राहिला. विद्याधर वाकलेलाच राहिला, वाट बघत.