एका बॅटरीची वंशावळ

आमच्या विजेच्या गाड्यांच्या मालकांच्या मोबाइल-गटात चारशे बारा माणसं होती आणि त्या वीस दिवसांत एकाचंही डोकं ठिकाणावर नव्हतं. गाड्यांची कंपनी आमच्या वूहू शहराच्या प्रदर्शन मैदानावर नवं बॅटरी-बदल केंद्र उभारत होती. ते गाडीखालची बॅटरी किती सेकंदांत काढून दुसरी बसवणार, यावर सकाळी शेवयांचा वाडगा हातात असल्यापासून मोबाइलवर भांडणं सुरू व्हायची. जुन्या केंद्राला पावणेतीन मिनिटं लागत. कुणी म्हणे नव्वद सेकंद, कुणी म्हणे साठ. हरेल त्यानं जिंकणाऱ्याची गाडी धुवायची, असं ठरलेलं. पत्र्याच्या कुंपणाच्या फटीतून काढलेला एखादा अंधुक फोटो आला, की त्यावर दोन-दोनशे निरोप पडायचे.

यात सगळ्यांचे बाप म्हणजे शेजारच्या थोंगलिंग शहरातले पाओ सर. शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, वय त्रेसष्ट. एका फोटोतले विटांचे थर मोजून त्यांनी जाहीर केलं, "छप्पर जुन्यापेक्षा दोन हात खाली आहे. म्हणजे बॅटरी वर उचलत नाहीत, बाजूनं सरळ सरकवतात. बावन्न सेकंद. लिहून ठेवा."

"सर, पन्नास म्हणा की. कानाला बरं वाटतं," मी डिवचलं.

"छी वेईमिन, गटाचा प्रमुख असशील तू. माझ्या वर्गात असतास तर शेवटच्या बाकावर बसला असतास."

त्यांचा आणखी एक उद्योग होता. आमच्या गाड्यांत बॅटरी कुणाच्या मालकीची नसते. आज तुमच्या गाडीखाली, उद्या तिसऱ्याच्या. बदलली की मोबाइलवर तिचा क्रमांक येतो. आमच्यात पद्धत अशी, की शेवटचे चार आकडे गटात टाकायचे. ती बॅटरी आधी ज्याच्याकडे होती तो तुमचा थोरला भाऊ, नंतर ज्याला मिळेल तो धाकटा. पाओ सर या सगळ्याची वंशावळ लिहीत, अगदी घराण्याची लिहितात तशी, पिढ्या आखून. बाहेरची माणसं हसायची. हसू देत. त्या वहीमुळे अनोळखी गावात गाडी अडली, तर धावून येणारा कुणीतरी भाऊ असायचा.

हे सगळं खेळापुरतं असतं तर बरं होतं. कंपनीची अवस्था वाईट होती, वर्तमानपत्रं तिला सहा महिने देत होती. मी माझ्या शब्दावर अकरा जणांना गाडी घ्यायला लावली होती. त्यात माझा मेहुणा होता आणि बायकोच्या शाळेची मुख्याध्यापिकाही होती. कंपनी बुडाली तर बॅटऱ्या देणार कोण? गाडी म्हणजे दारात उभं केलेलं कपाट. प्रात्यक्षिक नीट झालं तर पैसेवाले पुढे येतील, असं कंपनीचे लोक सांगत आणि आम्ही ते देवाच्या शब्दासारखं घोळवत असू.

प्रात्यक्षिकाला दोन दिवस राहिले तेव्हा मला हुक्की आली. कुणाकडे नसेल असा फोटो मला हवा होता. मी गाडी कुंपणाच्या मागच्या अंगाला, बांधकामाच्या राड्यारोड्यावर घातली. आमच्या गाड्यांचं पोट जमिनीला किती टेकलेलं असतं ते मला माहीत नव्हतं असं नाही. खालून धाड्‍ असा आवाज आला. लोखंडी सळई होती. फोटो मात्र झकास मिळाला, आणि तो गटात टाकून वाहवा घेईपर्यंत मी खाली वाकून पाहिलंसुद्धा नाही.

दुपारी गाडीत गोडसर वास यायला लागला, बॅटरीतला द्रव गळला की येतो तसा. मी सरळ नदीकाठच्या केंद्रावर गेलो. तिथे रुई होता, आधी जहाजाच्या कारखान्यात वेल्डर असलेला, चाळिशीचा, शांत माणूस. बॅटरी खाली उतरली आणि त्यानं मला हाक मारली.

"दादा, इकडे या. हे काय केलंत?"

बॅटरीच्या पत्र्याला तळहाताएवढा पोचा होता. पोच्याच्या कडेला ओल होती.

"याची नोंद करावी लागेल, अशी बॅटरी केव्हाही पेटू शकते," रुई म्हणाला. "मग केंद्र बंद. मुख्य कार्यालयाची माणसं येऊन ही वाळूत पुरून नेतील, तोवर कुणाला आत घ्यायचं नाही."

"आणि परवा चार शहरांतून आपले लोक गाड्या घेऊन येणार, ते या बंद दारासमोर उभे राहणार? दुसऱ्या कंपनीचे भाट फोटो काढायला टपलेलेच आहेत."

"दादा, नियम आहे."

"दोन दिवस थांब. परवा संध्याकाळी नोंद कर. मी सांगतोय ना?"

त्यानं पोच्याची ओल फडक्यानं पुसली. त्याच्या पोराला शाळेत प्रवेश मिळवून देताना मी शब्द टाकला होता, हे आम्हां दोघांनाही आठवत असणार. "शेवटच्या खणात ठेवतो," तो अखेर म्हणाला. "चार्जिंग बंद करून. पण परवा संध्याकाळीच हं."

मला नवी बॅटरी मिळाली. तिचे चार आकडे मी गटात टाकले नाहीत. टाकले असते तर सरांनी लगेच विचारलं असतं, आधीची इतक्या लवकर का बदललीस?

प्रात्यक्षिकाच्या दिवशी सकाळी शहरात आमच्याच गाड्या दिसत होत्या. स्वयंसेवकाचं निळं जाकीट घालून मी सभागृहात खुर्च्यांवर नावांच्या चिठ्ठ्या लावत होतो, आणि तिथे मला रुई दिसला. तारा उचलत होता.

"तू इथे कसा?"

"पहाटे बोलावून घेतलं. माणसं कमी पडतायत. नदीवर दुसरा पाठवलाय."

"त्याला सांगितलंस?"

"शेवटच्या खणाला हात लावू नको म्हणालोय." पण सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता. नदीवर साठ गाड्यांची रांग लागली होती हे गटात सगळे लिहीत होतेच. भरलेल्या बॅटऱ्या संपल्या की नवा माणूस काय करणार? अर्धवट भरलेली का होईना, खणात दिसेल ती देणार.

मी मोबाइल उघडला. अकराला आठ मिनिटं कमी होती. बारा मिनिटांपूर्वी पाओ सरांनी गटात लिहिलं होतं, "आताच बदलली. ५८०६. हिचा थोरला म्हणजे छी, पण ती सोडल्याचं त्यानं सांगितलंच नाही, वंशावळ तिथे तुटली आहे. का रे छी, सोडून दिलीस का भावाला?" खाली हसणारे चेहरे.

तो माझ्याच पोचा आलेल्या बॅटरीचा क्रमांक होता. मी सरांना फोन लावला. गाडी चालवताना ते फोन घेत नसत, इतरांनी घेतला तर शिव्या देत. पुन्हा लावला. नाहीच. सरांच्या पत्नी, काकू, त्यांच्या शेजारी बसलेल्या असणार, काकूंचा नंबर माझ्याकडे होता. कंपनीच्या मदतकेंद्राचा तर पाठच होता. तिथे नुसते चार आकडे सांगितले असते, तर त्यांनी गाडी कुठे आहे ते शोधून तिच्या पडद्यावर थांबायचा इशारा दिला असता. मग त्यांनी विचारलं असतं, तुम्हाला कसं माहीत? आणि त्याच वेळी व्यासपीठावर दिवे लागले.

मी स्वतःला समजावलं, सर इथेच येतायत. दाराशी गाठू, कानात सांगू, गाडी बाजूला लावू. वीस मिनिटांचा तर प्रश्न आहे. आजवर मी स्वतःला पुष्कळ काही समजावलं आहे, पण इतकं निर्लज्जपणे कधी नाही.

प्रात्यक्षिकाची गाडी नव्या केंद्रात शिरली. पडद्यावर आकडे पळायला लागले. चारशे माणसं मोठ्यानं मोजत होती, मीही मोजत होतो. अठ्ठावन्नावर आकडा थांबला आणि लोक एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. सर सहा सेकंदांनी चुकले, असं माझ्या मनात आलं. तेवढ्यात मागच्या दारातून धुराचा वास आला.

त्या दाराबाहेर तळघरातल्या पार्किंगचा उतार होता. काकूंना फाटकापाशी उतरवून, जागा धरायला पुढे पाठवून, सर गाडी लावायला खाली गेले होते. तो धूर कसा असतो ते मी लिहिणार नाही. त्यांना बाहेर काढलं तेव्हा ते गुदमरून गेलेले होते, अंगावर भाजल्याची खूण जवळजवळ नव्हती.

रुईला पोलिसांनी नेलं. त्यानं माझं नाव घेतलं नाही. कंपनीनं तपास चालू असल्याचं पत्रक काढलं आणि गटात मी ते सगळ्यात आधी चिकटवलं, कारण प्रमुख म्हणून ते माझं काम होतं.

सातव्या दिवशी मी थोंगलिंगला गेलो. काकूंनी सरांच्या फोटोसमोर भाताचा वाडगा ठेवला होता. सरांची मोठी बहीण आतल्या खोलीत झोपली होती. काकूंनी मला चहा दिला आणि कंपनीचा कागद पुढे केला.

"यात लिहिलंय की बॅटरीला खालून मार बसला होता. बहुधा चालकाच्या निष्काळजीपणामुळे. मुलगा म्हणतो, सही करून टाक, मिटव. पण वेईमिन, हे कधी खड्ड्यातून गाडी घालायचे का रे? तीस वर्षं मी शेजारी बसले. तुला गाड्यांतलं कळतं. तू सांग, यांची चूक होती का?"

कागदावर सरांचं नाव छापलेलं होतं, खाली सहीची रेघ. मी आता गप्प बसलो असतो, तर पुढचं सगळं आपोआप झालं असतं.

"नाही काकू," मी म्हणालो. "तो मार माझ्या हातून बसला. ती बॅटरी माझ्याकडे होती." मग सळई, पोचा, रुई, शेवटचा खण, मी सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर जरा हलकं वाटलं. वाटलं, आता त्या ओरडतील, मारतील, आणि एकदाचं संपेल.

त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी कागदाची घडी घातली.

"त्यांनी मला फाटकाशी उतरवलं तेव्हा अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती," त्या म्हणाल्या. "उशीर झाला म्हणून मी चिडून घड्याळ दाखवलं होतं. ती बॅटरी आमच्या गाडीत आहे, हे तुला केव्हा कळलं?"

मी चहाचा पेला खाली ठेवला.

"अकराला आठ मिनिटं कमी होती, काकू."