दोन किलोंचे जाकीट

मित्रांनो, लिपाता बेटाच्या सभाघरात खिडकीशेजारच्या खिळ्यावर एक काळे, बिनबाह्यांचे जाकीट टांगलेले आहे. तो मी. मी आता जुना झालो आहे. मला पाहून थंडीची आठवण काढू नका, कारण इथे थंडी पडत नाही. माझ्या अस्तरात हवेची पिशवी आहे. पाणबुडे मला पाठीवरच्या टाकीसकट अंगात घालतात. एक बटण दाबले की टाकीतली हवा माझ्यात येते आणि मी माणसाला उचलून धरतो. दुसरे दाबले की हवा सुटते आणि तो खाली जातो. पाण्यात माणूस बुडूही नये आणि वर उसळूही नये, पाहिजे त्या खोलीवर स्थिर राहावा, एवढेच माझे काम. ऐकायला सोपे वाटते. मलाही सुरुवातीला तसेच वाटले होते.

मी शिवला गेलो तेव्हा माझ्या आईबापांनी, म्हणजे कारखान्यातल्या बायकांनी, माझ्यातून जे जे काढता येईल ते काढून टाकले. पाठीची कडक फळी काढली, जाड गादी काढली, लोखंडी कड्यांऐवजी प्लास्टिकच्या कड्या लावल्या. खिसे दोनच ठेवले. माझे वजन भरले दोन किलो. मला गुंडाळले की मी उशीएवढा होतो. प्रवास करणाऱ्यांसाठी असा मी घडवला गेलो आणि सेबू शहरातल्या एका दुकानात जाऊन लटकलो.

तिथे माझ्या शेजारी गलेलठ्ठ जाकिटे होती. खिशांवर खिसे, चकचकीत कड्या. गिऱ्हाईक त्यांना हात लावी, आरशापुढे उभे राही. मला उचलले तर म्हणे, "हे तर पोतं आहे." आणि परत टांगी. आठ महिने मी आणि माझ्यासारखीच आणखी तीन जाकिटे धूळ खात होतो.

मग एके सकाळी पुरिंग आली. चाळिशीची, रुंद खांद्यांची बाई. दाउइनच्या किनाऱ्यावर वीस वर्षे तिने पाहुण्यांना पाण्याखाली नेले-आणले होते. तिच्या पिशवीत मासळी तोलायचा काटा होता. दुकानाचे मालक उय यांनी तो पाहिला आणि हसले.

"बाजार पलीकडच्या गल्लीत आहे, पुरिंग."

"ठाऊक आहे. मला जाकिटं तोलायची आहेत," ती म्हणाली. "लिपाता बेटावर शिकवायला जायचंय. छोटं विमान आहे, मग होडी. वीस किलोंच्या वर एक चप्पलसुद्धा घेत नाहीत."

तिने एक गलेलठ्ठ जाकीट काट्याला अडकवले. साडेचार किलो. मग मला अडकवले. तिने मला जमिनीवर पसरले, गुंडाळले, वर बसून पाहिले. पुन्हा उलगडून तोंडाने फुगवले आणि कान लावून ऐकले. मग ती जेवायला निघून गेली. मला तसेच फुगलेले ठेवून. दोन तासांनी परत आली आणि पोटावर थाप मारून पाहिली. मी तसाच टणक होतो. बाकीच्या तिघांनाही तिने असेच पारखले.

"ही चारही द्या."

उय गंभीर झाले. "एक सांगून ठेवतो. हे हलकं आहे, तसंच ह्याची ताकदही थोडी. नऊ-दहा किलो उचलेल, त्याच्या पुढे नाही. एका माणसापुरतंच आहे."

"मला ठाऊक आहे."

"मग जड घे ना. दोन घे, पण पक्की घे."

"दोन घेऊन काय करू? तिथं शिकणारे तीन आणि मी एक," पुरिंग म्हणाली. "आणि लिपाताची माणसं बोंबलासारखी आहेत. त्यांना उचलायला एवढं पुरे."

मित्रांनो, तिची निवड चुकली नव्हती. चूक पुढे झाली, आणि ती तिची नव्हती.

लिपाताचे पुरुष नळीने बुडी मारत. होडीवर टायरात हवा भरायचे यंत्र धडधडत असे. त्याला लांब पिवळी नळी. श्वासासाठी ती दातांत धरायची, कमरेला लोखंड बांधायचे आणि तळावर चालत समुद्रकाकड्या, म्हणजे काकडीसारखे दिसणारे मऊ जीव, विकायला वेचायचे. खोल पाण्यात तास-दोन तास राहून माणूस झटकन वर आला की त्याच्या रक्तात बुडबुडे धरतात. पुरिंगचा धाकटा भाऊ ओन्यो असाच वर आला होता. तेव्हापासून त्याचे पाय गेले. तो दाउइनला बसून जाळी विणतो.

लिपाताच्या गावसभेने ठरवले होते की नळी बंद करायची. पुरुषांनी नीट बुडी मारायला शिकायचे, प्रवाळाची राखण करायची, पाहुणे आले तर त्यांना दाखवायचे. ठरवले खरे, पण कोणी हलेना. सगळे नोंग सेव्हेरोकडे पाहत; नोंग म्हणजे थोरला दादा. तो अठ्ठावन्न वर्षांचा, बेटावरचा सर्वांत जुना नळीवाला. तो शिकला तर सगळे शिकणार, तो हसला तर सगळे हसणार. शिकवायला आलेल्या पुरिंगकडे बारा दिवस होते. मग होडी तिला परत न्यायला येणार होती.

सेव्हेरो शिकायला आला, तो बायकोने ढकलला म्हणून; त्याच्यामागून आणखी दोघे आले. तिचे नाव क्लारिता. त्याच्या अंगाला मी लागलो.

"हे जाकीट की बाळंतिणीचा पट्टा?" त्याने विचारले.

"ढेरी असती तर कळलं असतं," क्लारिता म्हणाली. "घाल गुपचूप."

पहिल्या दिवशी धडा संपल्यावर पुरिंगने प्रत्येक जाकिटासाठी तांब्याभर गोडे पाणी मागितले. माझ्या पिशवीत खारे पाणी शिरते, त्याचे मीठ आतून पिशवी खाते, म्हणून रोज आतून विसळावे लागते. लिपातावर गोडे पाणी पावसाचे, हौदात साठवलेले. क्लारिता तांब्या घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "दाय, आम्ही अंघोळ खाऱ्या पाण्यानं करतो. आणि तुझ्या ह्या फुग्याला गोडं पाणी पाजायचं?"

"तुमचा नवरा ह्या फुग्याच्या भरवशावर खाली जाणार आहे, नांग." इथे धाकट्या बाईला दाय म्हणतात आणि थोरलीला नांग.

क्लारिताने पाणी ओतले. पण तांब्या पुरता भरलेला नव्हता.

सहा दिवस उथळ पाण्यात गेले. पाण्याखाली राहायला सेव्हेरोच्या कमरेला तीन किलो शिसे पुरते, हे पुरिंगने तोलून काढले. तो पटापट शिकला. पाण्यात तो माशासारखा होता; बटणे तेवढी त्याला नवी होती. सातव्या दिवशी ती तिघांना बाहेर, प्रवाळाच्या कड्यापाशी नेणार होती. तिथे तळ लागत नाही.

त्या सकाळी सेव्हेरोने लांब, सैल सदरा घातला होता. वरून मला घातले, पट्टे आवळले, आणि माझ्या पाठीला काहीतरी गार, कठीण लागले. कड्या. जाड साखळीच्या कड्या, त्याच्या कमरेभोवती दोन वेढे.

मित्रांनो, ही लिपाताची रीत आहे. इथला माणूस मोकळ्या समुद्रात आपले लोखंड बांधल्याशिवाय उतरत नाही. ते बापाकडून मुलाकडे येते. ते म्हणतात, समुद्राला आपले वजन दाखवावे लागते, नाहीतर तो ओळखत नाही. उथळ पाणी म्हणजे समुद्र नव्हे, म्हणून सहा दिवस सेव्हेरोने ते घरी ठेवले होते. आज तो समुद्रात चालला होता. पुरिंगने दिलेले तीन किलो शिसे त्याने मुकाट्याने बांधले. आतल्या दहा किलो लोखंडाबद्दल अवाक्षर काढले नाही. मला सगळे समजत होते. पण मला तोंड नाही.

होडीच्या काठावरून तो पाठमोरा पाण्यात पडला आणि आम्ही दगडासारखे निघालो. पाच मीटर, दहा मीटर. सेव्हेरोने बटण दाबले. मी हवा घेतली. त्याने आणखी दाबले. मी तट्ट फुगलो, माझ्या शिवणी ताणल्या, खांद्यावरच्या झडपेतून जास्तीची हवा सुटू लागली. माझ्यात होते नव्हते ते सगळे मी दिले, तरी आम्ही खालीच चाललो होतो. पंधरा, वीस. कड्याची भिंत वर सरकत होती. सेव्हेरोचा हात डोक्यावर गेला आणि काहीतरी शोधू लागला. तो पिवळी नळी शोधत होता. चाळीस वर्षे संकटात तो ती नळी धरूनच वर गेला होता. तिथे नळी नव्हती.

सव्वीस मीटरवर पुरिंगने माझा खांदा पकडला. तिने स्वतःच्या जाकिटात हवा भरली. ते माझेच भावंड होते. आम्ही दोघे मिळून त्याला पेलून उभे राहिलो, कसेबसे. मग तिचा हात माझ्याखाली शिरला आणि साखळीला लागला. ती क्षणभर थांबली. तिची बोटे गाठीवर गेली. सेव्हेरोने तिचे मनगट धरले आणि मान हलवली.

गाठ सोडली असती तर? लोखंड तळाला गेले असते आणि मी, काठोकाठ फुगलेला, त्या माणसाला घेऊन बुचासारखा वर उडालो असतो. ओन्यो वर आला होता तसाच. ते पुरिंगला माझ्याआधी सुचले. तिने गाठीवरून हात काढला. त्याच्या डोळ्यांपुढे तळहात धरला आणि हळूहळू वर-खाली केला : श्वास घे, श्वास सोड.

वर येताना हवा आपोआप फुगते. म्हणून दर हातभर ती माझी थोडी हवा सोडी, मग आपली. जरा जास्त सुटली की आम्ही खाली घसरत होतो, कमी सुटली की वर धावत होतो. कोणते जाकीट किती उचलते, हे तिला पाठ होते. पाच मीटरवर तिने थांबवले; रक्तातली हवा सावकाश सुटावी म्हणून तिथे तीन मिनिटे थांबायचे असते. तिथे आम्ही प्रवाळाला धरून राहिलो. तीन मिनिटे झाली तरी ती निघाली नाही. आणखी पाच मिनिटे तिने त्याला तिथेच धरून ठेवले. त्याचे बुडबुडे आता सावकाश येत होते.

आम्ही होडीत चढलो. पुरिंगने त्याच्या हातापायांना चिमटे काढून पाहिले.

"लागतंय?"

"लागतंय. नखं काप जरा."

ती हसली नाही. "कोणाचं आहे ते लोखंड?"

"बापाचं."

"काल का नाही सांगितलंत, नोंग?"

"तू काढायला लावलं असतंस."

"लावलं असतं," पुरिंग म्हणाली. "मी शिसं तोललं. तुम्हाला तोललं. तुम्ही काय बांधता, ते विचारलंच नाही."

सेव्हेरोने साखळी सोडून होडीत ठेवली. ती फळ्यांवर जड आपटली. त्याने विचारले, "खाली तुझा हात होता गाठीवर. सोडली का नाहीस? मी धरलं म्हणून?"

"तुम्ही धरलंत म्हणून कोण थांबतंय? माझा भाऊ असाच वर आला. मला दुसरा नको होता."

किनाऱ्यावर क्लारिता उभी होती. होडीतल्या दुसऱ्या दोघांनी तिला सगळे सांगितले. ती नवऱ्याला बोलेल असे मला वाटले. ती त्याच्यापाशी गेली, साखळी उचलून पाहिली आणि म्हणाली, "एवढं कमरेला बांधून सासरा तरी कुठं पोचला?" मग मला त्याच्या अंगातून काढून तिने स्वतः विसळले. त्या दिवशी तांब्या काठोकाठ होता.

दुसऱ्या दिवशी सेव्हेरो शिकायला आला नाही. पुरिंग किनाऱ्यावर बसून राहिली. शिकणारे दोघेही तिच्याशेजारी बसून राहिले, कारण तो नसेल तर तेही नव्हते. पाच दिवस उरले होते. दुपारी आवाज येऊ लागला. करवतीचा, लोखंडावर. सगळे तिकडे गेले. सेव्हेरो दारात बसून बापाची साखळी कापत होता.

"तुझा काटा आण, दाय," तो मान वर न करता म्हणाला.

तिने काटा आणला. त्याने एक तुकडा अडकवला. तीन किलोला एक कडी जास्त होती, ती त्याने कापली. "हे माझं. शिसं परत घे तुझं." मग उरलेल्या साखळीचे दोन तुकडे केले आणि त्या दोघांपुढे टाकले. "तुमच्या बापांची घरी ठेवा. हे माझ्या बापाचं आहे, समुद्र ह्याला ओळखतो. पण तोलून घ्या आधी. ती सांगेल तेवढंच."

त्यांनी तोलून घेतले. कोणाला एक कडी कमी करावी लागली, कोणाला थोडे शिसे जोडावे लागले. दुसऱ्या सकाळी आम्ही कड्यापाशी उतरलो आणि दहा मीटरवर थांबलो. माझ्यात अगदी थोडी हवा होती. सेव्हेरो पाण्यात आडवा, निवांत लोंबकळत होता आणि एक कासव त्याच्या खालून चालले होते. माझ्या आयुष्यात एवढे हलके वाटल्याचे मला आठवत नाही.

पुरिंग ठरल्या दिवशी गेली. आम्हा चौघांना तिने इथेच ठेवले. मी अकरा वर्षे काम केले. कधी लोकांनी कौतुक केले, कधी ओले गुंडाळून कोपऱ्यात फेकले. एका उन्हाळ्यात हौद आटला, तेव्हा चार महिने मला कोणी विसळले नाही. माझे बटण अडकू लागले, पिशवीला आतून मीठ धरले आणि शेवटी एक शिवण उसवली. आता मी पाण्यात जात नाही. नवीन शिकणारे माझ्यावर पट्टे आवळायला शिकतात.

शिकवतो सेव्हेरोच. तो एकोणसत्तरचा आहे. पाण्यात नेण्याआधी तो प्रत्येकाच्या कमरेवर हात फिरवतो आणि विचारतो, "आत काय बांधलंयस?" हसणाऱ्याला तो पुन्हा विचारतो. उत्तर मिळेपर्यंत हात काढत नाही.

मित्रांनो, वस्तू असो की माणूस, जो तुम्हाला उचलून धरतो त्याची ताकद मोजकीच असते. त्याला वापरून झाल्यावर स्वच्छ ठेवा, सावलीत वाळवा, हे तर कराच. पण त्याच्या भरवशावर खोल पाण्यात उतरण्याआधी आपले खरे वजन त्याला सांगा. लाज वाटली तरी सांगा. मी दहा किलोंचे जाकीट होतो. मला कोणी सांगितले असते, तर मी वीस किलोंचा झालो नसतो. पण पुरिंगने त्या सकाळी आम्हाला उथळ पाण्यातच ठेवले असते.