वाक्य पुरं होईस्तोवर

हरिदासने कित्येक वर्षांत एकही वाक्य शेवटापर्यंत नेलं नव्हतं. लहानपणापासून त्याची जीभ अडायची. शाळेतल्या पोरांनी त्याच्या बोलण्याची इतकी नक्कल केली की पुढे सावली गावच्या राइस मिलमध्ये काम मिळालं तेव्हा त्याला हायसंच वाटलं. यंत्रांच्या धडधडाटात तिथे कोणी कोणाशी बोलत नसे, हातवारे केले की भागायचं. आणि घरी ललिता होती.

ललिता, त्याची बायको, दोघांचं मिळून बोलायची. "आज मि..." एवढं त्याच्या तोंडून निघालं की ती पदराला हात पुसत म्हणायची, "मिल बंद पडली म्हनून लवकर आले, असंच ना जी?" तो मान हलवायचा. बाजारात, सोयऱ्यांत, पोरीच्या शाळेत, सगळीकडे तो वाक्य सुरू करी आणि ती पुरं करी. कधीकधी ती चुकायचीही. त्याच्या मनात कढी असायची आणि ती म्हणायची, "वरन करू म्हनता ना?" तोही मुकाट वरण खायचा. चुकीच्या वाक्याला मान हलवण्यातही एक सुख होतं, कारण ती इतक्या मायेने चुकायची.

यंदाच्या उन्हाळ्यात तिचं दुखणं बळावलं. चंद्रपूरच्या दवाखान्यात तो तिच्या उशाशी बसून होता. दुपारी तिला जरा बरं वाटलं तसा त्याने तिचा हात हातात घेतला आणि सगळा जीव गोळा करून म्हणाला, "तुह्यावाचून..."

"चहा कोन करन, हेच ना?" ललिता कोरड्या ओठांनी हसली. "आपली हर्षा शिकवन तुमाले."

त्याला ते म्हणायचं नव्हतं. पण त्याने सवयीने मान हलवली. दुसऱ्या दिवशी ती गेली.

ती हललेली मान हरिदासच्या छातीत रुतून बसली.

त्यानंतर सगळं गावच त्याची वाक्यं पुरी करू लागलं. दुकानात त्याने "ह..." म्हणायचा अवकाश, निकेश दुकानदार विचारायचा, "हरभऱ्याची डाळ? किती देऊ?" हळद आणायला गेलेला हरिदास डाळ घेऊन परत यायचा. नागपूरला नोकरी करणारी त्याची लेक हर्षा रोज फोन करायची. "जेवले ना बाबा? गोळी घेतली ना? बरं, ठेवते मंग." तिच्या प्रश्नांत उत्तरं आधीच भरलेली असायची. कोणाच्या मनात वाईट नव्हतं, पण सगळ्यांना घाई होती. ललिताही मधेच तोडायची, तरी तिचं ते तोडणं त्याला पुन्हा ऐकावंसं वाटायचं.

आषाढी पौर्णिमेपासून बुद्धविहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन सुरू झालं. रोज संध्याकाळी एकेका घरची पाळी. त्यांच्या घरून दरवर्षी ललिता वाचायची. विहाराचं सगळं पाहणाऱ्या म्हाताऱ्या बायनाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"उद्या तुमच्या घरची पाळी हाये, हरिदास. वाचशीन ना तू?"

नाही म्हणायचं होतं, पण मान हलली.

दुसऱ्या दिवशी तो ग्रंथ पुढ्यात घेऊन बसला. दुसऱ्याच ओळीत 'दुःख' आलं आणि तो 'द'वर अडला. समोरून चारपाच आवाज उठले, "दुःख! दुःख!" पुढच्या ओळीतही तेच. शेवटी बैल मागे राहून गाडीच पुढे निघाल्यासारखं झालं. शेजारच्या प्रफुलने हळूच ग्रंथ आपल्याकडे ओढला आणि भराभर वाचून मोकळा झाला.

सकाळी उजाडताच हरिदास घराबाहेर पडला. कोणाचं तोंड पाहायची इच्छा नव्हती, म्हणून नहराच्या काठाने, मातीच्या पाळीवरून चालत सुटला. दोन्ही अंगांना धानाची रोवणी झालेल्या शेताच्या बांध्या होत्या आणि आसपास चिटपाखरू नव्हतं. बऱ्याच दूर गेल्यावर त्याच्या तोंडून आपोआप निघालं, "तुह्या..."

आणि तो अडला. सवयीने थांबला, कोणीतरी पुढचं म्हणेल म्हणून. पण म्हणणारं कोणी नव्हतं. नहरातून पाणी वाहत होतं, बेडकं ओरडत होती. शब्द होता तिथेच, जिभेच्या मागे, दबा धरून बसलेला. हरिदासने त्याला ढकललं नाही. चार पावलं चालला, श्वास सोडला, आणि शब्द आपल्या पायांनी बाहेर आला.

"तुह्यावाचून... मले त्या घरी... जाव वाटत नाई, ललिता."

पुरं वाक्य. तो पाळीवरच खाली बसला आणि ढसाढसा रडला. जिला सांगायचं ती सोडून सगळ्या बांध्यांनी ते ऐकलं होतं.

मग तो रोज सकाळी तिकडे जाऊ लागला. तिच्याशी बोलायचा. कढीचंही एकदा सांगून टाकलं. बोलता बोलता त्याला आपल्या बोलण्याची चाल कळू लागली: दोन शब्द, मग थांबा, मग एक लांब श्वास, की पुढचे चार सरळ येतात. जन्मभर तो दुसऱ्यांच्या चालीने बोलायला धावत होता आणि ठेचकाळत होता. स्वतःच्या चालीने बोललं की जीभ अडायची, पण त्याला भीती वाटायची नाही.

श्रावण सरता सरता तो आपणहून बायनाबाईंकडे गेला.

"बाई, मले... पुन्हा..."

"पुन्हा वाचा..." बायनाबाई बोलल्या आणि त्याचा वर आलेला हात पाहून गप्प झाल्या.

"पुन्हा वाचाचं हाये. वेळ... लागन. पन कोनी... मधात शब्द सांगू नोका."

त्या संध्याकाळी तो वाचायला बसला. शब्द अडला की थांबला. खाली बसलेल्यांची चुळबुळ झाली. प्रफुलचे ओठ हलले, त्याने ते दाताखाली धरले. चुलीवर भात ठेवून आलेल्या दोघी उठून गेल्या. दुसरा कोणी अख्खा भाग संपवतो तेवढ्या वेळात हरिदासचं जेमतेम एक पान झालं. त्याने ग्रंथ मिटला.

"उरलेलं उद्या वाच," बायनाबाई म्हणाल्या.

घरी जाताना त्याच्या आत सगळं शांत होतं, मिल बंद पडल्यावर कानांना वाटतं तसं. आणि त्या शांततेत ललिताची आठवण पहिल्यापेक्षा जास्त आली. ती असती तर पहिल्या ओळीत बसली असती, एकेका शब्दासाठी तळमळत. "थांब ललिता, मले बोलू दे," असं त्याने म्हटलं असतं. ती रुसली असती. वाटभर बोलली नसती. घराच्या दारात मात्र तिला राहवलं नसतं, आणि तिने विचारलं असतं, "मंग बोला ना जी, काय म्हनत होते?"

तो चालत राहिला, जसं त्याला चालावंसं वाटत होतं तसं, सावकाश.