कमरेवरचा हिरवा पडदा

मी बाळंतपणाच्या खोलीतला हिरवा पडदा बोलतोय. खिडकीवर असतो तर वारा तरी खाल्ला असता. माझ्या नशिबी बाईच्या कमरेवरची दांडी आली.

या दवाखान्यात बायका दुसऱ्यांची मुलं पोटात वाढवतात, कराराने, पैसे घेऊन. आणि इथला नियम असा, की बाळाचं डोकं दिसलं रे दिसलं, सिस्टरने मला सर्रकन ओढायचं. "बघितलं की जीव गुंततो," डॉक्टरबाई म्हणतात. म्हणजे बाईने रडणं ऐकायचं, तोंड बघायचं नाही. या कामाचा मला भयंकर वैताग आहे, पण पडद्याला कोण विचारतो?

परवा शिलाईताईची वेळ आली. ती कपडे शिवते म्हणून सगळे तिला तसंच म्हणतात. कळा सोसतानाही तिची नजर माझ्या काठावर. "टीप उसवलीय," ती म्हणाली. "सुईदोरा द्या, जाता जाता घालून देते." सिस्टर हसली आणि मला ओढून मोकळी झाली.

बाळ रडलं.

"मुलगा की मुलगी, तेवढं तरी सांगा."

"कशाला, ताई? तू काही त्याची आई नाहीस," पलीकडून डॉक्टरबाई म्हणाल्या.

पण बाळ न्यायला कोणी आलंच नाही. करार केलेल्या नवराबायकोचं मधल्या काळात फाटलं होतं. तो म्हणे बाळ तिचं, ती म्हणे त्याचं, आणि दवाखान्याचे वकील म्हणत, कायद्यात असं कुठे लिहिलेलंच नाही.

दवाखाना लहान. बाळंत झाली त्याच खाटेवर शिलाईताई अजून पडून होती. आज सकाळी डॉक्टरबाईंनी स्वतःच्या हाताने मला बाजूला सारलं आणि बाळ तिच्यापुढे धरलं.

"जन्म तूच दिलास ना? आता तूच बघ."

"आई नाहीस असं तुम्हीच सांगितलंत. घरी माझी दोन आहेत. याच्यापुढे नाव कोणाचं लावू?"

डॉक्टरबाई वकिलांकडे बघू लागल्या. वकील खिडकीबाहेर.

बाळ भुकेने कळवळलं. तिने ते घेतलं, दुपटं जरा उचलून पाहिलं. "मुलगी आहे," ती स्वतःशीच म्हणाली. मग मला मुठीत धरून तिने अशी ओढ दिली, की उरलीसुरली टीपही उसवली. डॉक्टरबाई, सिस्टर, वकील, सगळे पलीकडे राहिले.

आत मुलगी दूध पितेय. बाहेर तिघांची हुज्जत चाललीय. थोड्या वेळाने कोणीतरी मला पुन्हा ओढणारच. ओढा. पण त्याआधी ही कोणाची ते ठरवा. मला लपवता येतं, सांभाळता येत नाही.