बारावी नर्व्ह

शाहनवाजने एक गाल फुगवला, दुसरा तसाच लोंबू दिला आणि शिट्टी वाजवायचा प्रयत्न केला. नुसती थुंकी उडाली. हॉलमध्ये हशा पिकला.

"सातवी! फेशियल!" चार-पाच जण एकदम ओरडले.

"बघा, आता जन्मात विसरणार नाही कुणी," सुनील सर म्हणाले.

परवा बीडीएसच्या पहिल्या वर्षाची ॲनाटॉमीची प्रॅक्टिकल होती आणि उजळणीची ही सरांची खास पद्धत होती. ते एकाला बोलावून कानात नर्व्हचं नाव सांगत. त्याने ती नर्व्ह निकामी झालेल्या पेशंटची नक्कल करायची, बाकीच्यांनी ओळखायचं. फॉर्मॅलिनच्या वासात, उभ्या चिरलेल्या डोक्यांच्या ट्रेसमोर हा तमाशा रंगे. सरांची पोरं पासही होत. मग त्यांना बोलणार कोण?

"वैष्णवी, तू ये."

ती पुढे गेली. सर हळूच म्हणाले, "बारावी. हायपोग्लोसल. डावी गेलेली. जीभ काढ आणि त्याच जिभेनं बोलून दाखव."

वैष्णवीचे वडील सोमनाथ एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कामाला होते. जबड्याखालची कॅन्सरची गाठ काढताना डॉक्टरांना त्यांची हीच नर्व्ह कापावी लागली होती. डावीच. गाठ गेली, माणूस वाचला, पण बोलणं कायमचं अडखळलं. भजनात पहिला आवाज लावणारा माणूस आता पाहुण्यांसमोर मान हलवून वेळ निभावतो.

"सर, मी नुसतं सांगते. सगळं पाठ आहे माझं."

"पाठ सगळ्यांचंच असतं गं. परवा इंटर्नल परीक्षक म्हणून मीच बसणार आहे. लाजतेस काय एवढी?"

वैष्णवीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, हे खरं. पण निदान तोंड उघडण्याआधी विचारावं तरी माणसानं! समोर सगळे हसायला टपून बसलेले. हर्षालीसुद्धा. दिवाळीत घरी येऊन जेवून गेली होती ही. पप्पांनी तिला आग्रह करकरून शिरा वाढला होता. आणि आता काय मान पुढे काढून बसली होती!

हवाय ना तमाशा? घ्या.

वैष्णवीने जीभ काढली, ओठांच्या एका कोपऱ्याकडे वळवली, आत घेतली आणि बोलायला लागली. र आणि ट घसरत होते, ल गिळला जात होता. पप्पांचा आवाज हुबेहूब आला. इतका की ती स्वतःच दचकली.

"मी बारावी नर्व्ह," ती म्हणाली. वर्ग खदखदून हसला. "एक स्नायू सोडला तर सगळी जीभ मीच चालवते. मला कापलं की जीभ त्याच बाजूला वळते."

"हायपोग्लोसल!" मागून कुणीतरी ओरडलं.

"झालं, ओळखलं. बस आता," सर हसू आवरत म्हणाले.

ती थांबली नाही.

"घास गालात अडकतो. तो बोटानं काढावा लागतो. म्हणून मी लग्नात जेवत नाय. फोनवर सख्खा भाऊ ओळखत नाय. द्वारका चौकात रिक्षात बसायला गेलो, तर रिक्षावाला म्हणला, उतर खाली, पिऊन आलाय का."

एकटाच कुणीतरी हसला आणि गप्प झाला. हर्षालीने मान खाली घातली. तिला आवाज ओळखू आला होता.

"एकदम परफेक्ट," सर म्हणाले. "कुठं शिकलीस गं?"

"घरी," वैष्णवी स्वतःच्या आवाजात म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.

सरांनी पुढच्या मुलाला नुसतंच वर्णन सांगायला लावलं.

घरी पोचेपर्यंत तिचा राग उतरला नव्हता. पप्पा खिडकीशी खुर्चीत बसून मऊ भात खात होते. ती समोरच्या कॉटवर बसली.

"काय ईचारलं आज?"

"बारावी नर्व्ह. नक्कल करायला लावली. मी तुमची केली. सगळ्यांसमोर."

त्यांचा घास हातातच राहिला.

"हसले?"

"हसले. मग गप्प बसले."

ते ताट खाली ठेवून म्हणाले, "कर बरं. मला पण दाव."

"नको ना, पप्पा."

"सगळ्या गावाला दावलीस. मलाच का नको?"

तिने जीभ काढली. त्यांनी बारकाईने पाहिलं आणि स्वतःचीही काढली. दोघं समोरासमोर, दोघांच्याही जिभा खिडकीकडे वळलेल्या.

वैष्णवी एकदम ताठ झाली. खिडकी पप्पांच्या डाव्या हाताला होती. तिच्या उजव्या.

आरशात दिसावं तसं केलं होतं तिनं. ऑपरेशन झाल्यापासून रोज जेवायला समोर बसून जे दिसलं तेच. डावी-उजवी पेशंटची धरायची, आपली नाही, हे कॉलेजात पहिल्या आठवड्यात शिकवतात. आणि सुनील सर अगदी समोर उभे होते.

"काय झालं गं? मी काय चुकीचं बोललो का?"

"नाही. माझी बाजू चुकली. डावी सांगितली होती, मी उजवी केली."

"मंग सर काय म्हणले?"

"एकदम परफेक्ट म्हणाले."

पप्पांना हसू फुटलं. हसता हसता ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. वैष्णवी हसली नाही. ती उठली, स्टूल ओढून त्यांच्या खुर्चीला लावून ठेवलं आणि ते जिकडे तोंड करून बसले होते तिकडेच तोंड करून त्यांच्या शेजारी बसली.

"पुन्हा काढा, पप्पा," ती म्हणाली. "हळू."