कुठल्या कुंडीतलं गांडूळ

मिस्त्रीला लोक नऊ वर्षं घरजावई म्हणून हिणवत होते आणि नऊ वर्षं तो दात काढून ते गिळत होता. राहतं घर सासूचं, कारखाना म्हणून मिरवायची ती पत्र्याची शेड सासूची, शेडमधलं ताडपत्री शिवायचं मशीनही सासूचंच. डोकं तेवढं आपलं, असं तो सगळ्यांना सांगायचा. त्या डोक्याचीच ही गोष्ट.

गटाराच्या पाइपातून स्वतः सरकत जाईल असं यंत्र त्याला करायचं होतं. एकापुढे एक तीन रबरी पिशव्या, वर जाड कापडाची खोळ. हवा भरली की मागची पिशवी फुगून पाइपाला दाटून बसायची, मधली लांब व्हायची, पुढची पुढे जायची. मग पुढची फुगायची आणि मधली आखडून मागचीला ओढून घ्यायची. कोरड्या पाइपात झकास चालायचं. बुळबुळीत पाइपात मात्र जागच्या जागी धापा टाकत बसायचं. दोन महिने झाले, हात काळे झाले, पण ते वीतभर पुढे जाईना.

"जावईबापू, जरा इकडे या," एका सकाळी सासूबाईंनी हाक मारली. त्यांच्या पुढ्यात स्टीलचं ताट, ताटात कुंडीतलं एक गांडूळ.

"आई, जेवायच्या ताटात?"

"धुते ना नंतर. बघा आधी."

गांडूळ लांब होत होतं, आखूड होत होतं आणि होतं तिथेच होतं. सासूबाईंनी त्याला चिमटीत उचलून जुन्या वर्तमानपत्रावर सोडलं. ते सरळ चालू लागलं.

"आता कान लावा."

त्याने लावला. कागदावर बारीक खरखर ऐकू येत होती.

"पोटाला काटे असतात त्याला. डोळ्यांना दिसत नाहीत, बोट उलटं फिरवलं की लागतात. त्यांनी धरून ठेवतं, म्हणून घसरत नाही. ताटात धरायला काही नाही, म्हणून बसलंय तसंच. तुमच्या त्या फुगणाऱ्या लोडाला काटे कुठेत?"

दुपारी मिस्त्री घासायच्या ब्रशचे ताठ केस कापून घेऊन आला. सासूबाईंनी ते खोळीवर ओळीने शिवले, टोकं मागे कललेली. शिवता शिवता म्हणाल्या, "गांडूळ मागे यायचं असलं की काटे आत घेतं. पक्षी ओढतो तेव्हा मात्र आत घेत नाही, म्हणून तुटतं, पण सुटत नाही. काटे रोवून बसतं ना! आपले हे आत कसे जायचे?"

"आई, तुम्ही शिवा. यंत्राचं मी बघतो."

बाई शिवत राहिल्या.

आठवड्याने पाणीखात्याचे साहेब चाचणीला आले. बंद केलेली जुनी गल्ली, दोन चेंबर, मध्ये चाळीस मीटर पाइप. साहेबांनी फॉर्म पुढे केला. त्यात एक रकाना होता : रचना कोणाची. मिस्त्रीने स्वतःचं नाव ठोकलं. पेन अडखळलंसुद्धा नाही.

"हे काटे कुठून सुचले हो?"

"गांडुळं बघत असतो मी. बघता बघता सुचलं."

यंत्र आत गेलं. अठ्ठावीस मीटर, एकदाही न घसरता. साहेब खूश. "आता मागे आणा."

"आणतो की!" मिस्त्रीने हवेचे नळ उलट्या क्रमाने फिरवले. यंत्र हललं नाही. दोरी ओढली. काटे आणखी रुतले. दोन कामगार लावून ओढलं, तर आतून कापड फाटल्याचा आवाज आला. आत तुकडा राहिला तर रस्ता फोडावा लागणार होता. आणि सासूबाईंचा तो प्रश्न आता कुठे त्याच्या कानात शिरत होता.

त्याने गल्लीच्या कोपऱ्यावर जाऊन फोन लावला. लपून. त्यांना बोलवायचं होतं, तेही कोणाला न कळता.

सासूबाई दहा मिनिटांत आल्या, हाताची माती तशीच. चेंबरात डोकावल्या आणि म्हणाल्या, "ओढताय कशाला, जावईबापू? सोडा ती दोरी. तोंड पुढे आहे त्याचं, पुढेच जाऊ द्या. पलीकडून बाहेर काढा."

एवढंच होतं. दोरी सैल सोडली, नळ सुलट फिरवले. फाटकी खोळ घेऊन यंत्र पलीकडच्या चेंबरात येऊन पडलं.

साहेब हसत म्हणाले, "आजी, जावई हुशार आहे तुमचा. गांडुळं बघून सुचलं म्हणे त्यांना."

सासूबाईंनी मिस्त्रीकडे पाहिलं. "हो का? कुठल्या कुंडीतलं होतं हो?"

आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त झोंबलं. नऊ वर्षांत त्याने एका कुंडीला पाणी घातलं नव्हतं. कान गरम झाले. बायकोच्या आईने दिलेलं घर त्याने घेतलं, शेड घेतली, आणि डोकं तर न विचारताच उचललं.

"तुमच्या," तो म्हणाला. "साहेब, मला काही सुचलं नव्हतं. सगळं यांचं आहे. मागे येणार नाही हेही यांनी आधीच सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही."

कामगार खो खो हसले. साहेबही. एक कामगार म्हणाला, "घरजावयाला असं बोलावंच लागतं बाबा! नाहीतर संध्याकाळी उपाशी!"

खरं बोललं आणि ते लाडीगोडीत जमा झालं. इतका उशीर केला की खऱ्यालाही किंमत उरली नाही.

"हसू नका," तो ओरडलाच. "तो फॉर्म द्या इकडे."

"खाडाखोड चालत नाही."

"मग नवीन द्या."

"एकच आणलाय."

त्याने फॉर्म ओढून घेतला आणि स्वतःच्या नावावर जोर लावून रेघ मारली. कागद खरखरला. साहेबांचं हसू विरलं. "बरं. मग नाव लिहा यांचं. पूर्ण लिहा."

पेन कागदावर टेकलं आणि तिथेच राहिलं. दारावरच्या पाटीवर सासऱ्यांचं नाव होतं. ते वारून बारा वर्षं झाली, तरी विजेचं बिलही त्यांच्याच नावाने यायचं. तो आई म्हणायचा, बायको आई म्हणायची, शेजारी तिची आई म्हणायचे. नऊ वर्षं एका छताखाली काढली होती.

"आई," त्याने खाली बघत विचारलं, "नाव काय तुमचं?"

आता मात्र कोणीच हसलं नाही. सासूबाईंनी पदराला हात पुसले, त्याच्या हातातून पेन घेतलं आणि स्वतःच लिहायला वाकल्या.