शिंपीआजोबांची जीभ आणि मी

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. कोटाच्या बटणाएवढं तोंड आणि लांब दांडा, एवढाच माझा थाट. माझ्यात बघून कुणी कधी भांग पाडला नाही. दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या हातून मी लोकांच्या तोंडात जायचो. तिथे उबदार अंधार असतो. श्वासाच्या वाफेने मी धुरकट व्हायचो, मला पेंग यायची. मग बाई मला गालाच्या आतून अलगद घासायच्या आणि सगळं पुन्हा उजळायचं.

एका दुपारी एक शिंपीआजोबा नातीला घेऊन आले. तिचा दात हलत होता, पण ती तोंड उघडेना.

"घाबरतेस काय, भित्री भागूबाई? बघ, मी आधी बसतो," म्हणत आजोबांनी खुर्चीत बसून आ वासला.

त्यांना वाटलं, नुसतं नाटक करायचंय. पण बाईंना एक खोड होती. तोंड उघडलेलं दिसलं की जिभेखाली, कडेला, गालांत डोकावल्याशिवाय त्या सोडायच्या नाहीत. त्यांनी जीभ बाजूला केली, माझी वाफ ओसरली आणि कडेचा पांढरट-लाल चट्टा माझ्यात उमटला. माझी पेंग पार उडाली.

"हे कधीपासून?"

"ते होय! दोरा दाताने तोडतो ना, लागला असेल. दोन-तीन महिने झाले. दुखत मात्र नाही हो."

"दुखत नाही, हीच तर पंचाईत आहे, आजोबा. दोऱ्याची जखम दोन आठवड्यांत भरते. हा कॅन्सरही असू शकतो. उद्याच तपासायला जायचं."

नातीने आजोबांचं बोट घट्ट धरलं, तिच्या दाताची आठवण कुणालाच राहिली नाही. मला वाटलं, पुन्हा धुरकट व्हावं आणि काहीच दिसू नये.

कॅन्सरच निघाला, पण सदऱ्याच्या बटणाएवढा. जिभेचा छोटा तुकडा गेला, आजोबा राहिले. आता ते 'स'ला 'थ' म्हणतात आणि दोरा कात्रीने कापतात.

पुढे माझ्यावर डाग पडले, नवे आरसे आले, मी खणात पडून राहिलो. मग बाईंनी मला उकळून त्या नातीला देऊन टाकलं. दर तीन महिन्यांनी आजोबांना बाई तपासतात, दर रविवारी ही नात.

मित्रांनो, तोंडातलं काही दोन आठवड्यांत भरलं नाही, तर दुखायची वाट बघू नका. आणि घरचं कुणी घाबरलं, तर आधी आपण आ करून दाखवा.

रविवारी शिलाई मशीन थांबतं. नात स्टुलावर चढते.

"काही दिथतंय का गं?" आजोबा विचारतात.

"काही नाही," ती म्हणते. मला तेवढंच ऐकायचं असतं.